हिरव्या शाईतला परिच्छेद

धाराशिव,
६ ऑक्टोबर २०२५

श्रीमती राजेश्वरी देशमाने,
प्रकल्प मार्गदर्शक, यांस
सप्रेम नमस्कार.

माझी कन्या शिवांजली आपल्या शाळेच्या वसतिगृहात राहून दहावीत शिकत आहे. तिला पुण्यास, या आंतरराष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या शाळेत घालण्याचा निर्णय माझी पत्नी लिंगैक्य शिवकांता हिचा होता. शिष्यवृत्तीचा अर्जही तिनेच भरला. शाळेकडून येणारे सर्व कागद तीच वाचत असे. गेल्या मार्चमध्ये ती गेली. आता ते कागद मला वाचावे लागतात, आणि स्पष्ट सांगावयाचे तर ते मला कळत नाहीत.

मी इतिहासाचा शिक्षक आहे. अठरा वर्षे दहावीच्या उत्तरपत्रिका तपासल्या. त्यांतील शेवटची सात नियामक म्हणून, म्हणजे इतर परीक्षकांनी तपासलेले गठ्ठे हिरव्या शाईने पुन्हा तपासून. गुण म्हणजे काय, हे मला ठाऊक आहे असा माझा समज होता. आपल्या प्रगतिपत्रकात शिवांजलीस विज्ञानात 'पाच' आहेत. सर्वोच्च श्रेणी सात असल्याचे कळल्यावर मी भागाकार करून एकाहत्तर टक्के काढले. परंतु त्याच ओळीत तिची समज 'उत्तम' असल्याचा शेरा आहे. एकाहत्तर टक्क्यांस उत्तम म्हणण्याची पद्धत आमच्याकडे नाही.

विषयांची पाठ्यपुस्तके कोणती, वर्गात तिचा क्रमांक कितवा, आणि हा जो 'वैयक्तिक प्रकल्प' सर्वांस सक्तीचा आहे त्यास गुण कशाचे, हे कृपया कळवावे. फोनवर बोललेले मागाहून बदलते, म्हणून लेखी उत्तर द्यावे ही विनंती.

आपला,
महांतेश कोराळे


पुणे,
११ ऑक्टोबर २०२५

आदरणीय कोराळे सर,
नमस्कार.

किती दिवसांनी कुणीतरी मला पाकिटात घालून प्रश्न विचारले! शिक्षकखोलीत तुमचं पत्र सगळ्यांनी हातात घेऊन बघितलं. राग मानू नका, अक्षराचं कौतुक चाललं होतं.

भागाकार मात्र करू नका, सर. पाच म्हणजे एकाहत्तर टक्के नव्हे. प्रत्येक विषयाला चार निकष आहेत आणि मूल प्रत्येक निकषावर कुठं उभं आहे एवढंच ती श्रेणी सांगते. क्रमांक आम्ही काढत नाही. पुस्तकं पुष्कळ आहेत, पण अमुक पानापासून तमुक पानापर्यंत असं काही नाही.

प्रकल्पाचं सांगते. विषय मूल स्वतः निवडतं. निकष तीन, प्रत्येकी आठ गुणांचे: नियोजन, कौशल्यांचा वापर आणि आत्मपरीक्षण. काय तयार झालं यापेक्षा ते कसं होत गेलं, कुठं चुकलं, चुकल्यावर काय समजलं, हे आम्ही बघतो. म्हणून मूल जूनपासून एक नोंदवही ठेवतं. त्यातलं काही फाडायचं नाही. कच्चे मसुदेसुद्धा जपून ठेवायचे.

शिवांजलीचा प्रकल्प तुम्हाला माहीत असेलच. हृदयविकाराचा झटका येताना बायकांना होणारा त्रास वेगळा असतो, पाठ दुखते, जबडा दुखतो, मळमळतं, आणि घरातले ते पित्त समजतात. गावाकडच्या बायकांसाठी ती यावर बारा पानी पुस्तिका करते आहे. पुस्तिका आणि अहवाल, दोन्हींचे मसुदे ती दिवाळीत घरी आणेल. जरूर वाचा, तिच्याशी बोला. घरच्यांनी मदत केली तर हरकत नसते. फक्त ती लेखी नोंदवायची असते.

तुमची,
राजेश्वरी देशमाने


धाराशिव,
२८ ऑक्टोबर २०२५

चि. शिवांजलीस
अनेक आशीर्वाद.

तू परत गेल्यावर तुझे दोन्ही मसुदे मी तीन वेळा वाचले. सोबत परत पाठवत आहे. तुझ्या बाईंनी मदत लेखी नोंदविण्यास सांगितले होते; त्यानुसार प्रत्येक दुरुस्ती हिरव्या शाईत केली असून प्रत्येक पानाखाली स्वाक्षरी व दिनांक घातला आहे. अहवालाचे इंग्रजी बरे आहे. वाक्ये लांबवू नकोस.

दोन दुरुस्त्या महत्त्वाच्या आहेत. अहवालाच्या चौथ्या पानावर तू २७ मार्चच्या, तू सुट्टीत घरी होतीस त्या सकाळची हकिकत दिली आहेस. तू लिहितेस की, मी लातूरला नियमनाच्या केंद्रावर होतो, केंद्रावर फोन करून तेथील शिपायाकरवी तू मला चिठ्ठी पाठवून 'अव्वाला दवाखान्यात नेऊ का?' असे विचारलेस, उत्तर आले नाही, आणि तुम्ही दोघी वाट पाहत बसलात. केंद्रावर परीक्षेची गोपनीयता असते; मोबाइल बाहेर जमा करावे लागतात. त्या दिवशी निरोप माझ्यापर्यंत पोहोचू शकला नाही. परिच्छेद मी त्याप्रमाणे बदलला आहे.

दुसरी दुरुस्ती पुस्तिकेत आहे. पहिल्याच पानावर तू ठळक लिहिले आहेस, 'कुणाचीही वाट पाहू नका, निघा.' असे लिहिणे घरांत बेदिली माजविणारे आहे. तेथे 'घरातील कर्त्या माणसास कळवून' हे शब्द घालावेत.

प्रकृतीस जप. दसऱ्यापासून तू नीट जेवत नाहीस, असे वाटते.

तुझा,
अप्पा


पुणे,
४ नोव्हेंबर

अप्पा,

पाकीट मिळालं. माझी रूममेट म्हणाली, तुझ्या फाइलवरून पोपट चालत गेला का? प्रत्येक पानावर सही! पुस्तिकेतल्या चित्रावरसुद्धा! देशमाने मॅम हसल्या नाहीत पण ओठ दाबून धरले होते.

दुरुस्त्या सगळ्या घातल्या. पान चारवरची पण.

अप्पा, मला हे माहीत नव्हतं. मला त्या शिपायाने फोनवर सांगितलं होतं, "दिली चिठ्ठी." म्हणून मी बसले. मला वाटलं तुम्ही विचार करताय, कोणत्या डॉक्टरांकडे न्यायचं ते ठरवताय, आत्ता फोन येईल. अव्वा पण म्हणत होती, "अप्पांचं येऊ दे, मग जाऊ." तिला घाम येत होता आणि मी तिला जिरं घालून पाणी देत होते. पावणेअकरापासून साडेबारापर्यंत. मग शेजारच्या शिवगंगा काकू आल्या आणि त्यांनीच रिक्षा बोलावली.

आता कळलं की तुम्हाला काही कळलंच नव्हतं. म्हणजे कुणी काही ठरवतच नव्हतं. म्हणजे उत्तर येणारच नव्हतं आणि मी पावणेदोन तास त्याची वाट बघितली. मला एकदा परत फोन करून खात्री करता आली असती ना? मी केला नाही. तुम्ही रागावाल म्हणून केला नाही.

शेवटचा आत्मपरीक्षणाचा भाग मी परत लिहिला.

तुम्ही जेवता ना? डबेवाल्या मावशींना भाकरी पातळ करायला सांगा.

शिवांजली


पुणे,
२४ नोव्हेंबर २०२५

आदरणीय कोराळे सर,
नमस्कार.

हे पत्र लिहिताना मला अवघड वाटतं आहे. गेले दोन आठवडे फोन केले, तुम्ही उचलले नाहीत, म्हणून तुमच्याच पद्धतीने येते.

अहवालासोबत एक प्रमाणपत्र जातं. हे काम विद्यार्थ्याचं स्वतःचं आहे, अशी त्यावर मूल आणि मी सह्या करतो. शिवांजलीचं प्रमाणपत्र मी थांबवलं आहे. तिच्या जूनमधल्या नोंदवहीत २७ मार्चची एक हकिकत आहे आणि अहवालात दुसरी. मधे तुमच्या हिरव्या शाईचं पान आहे. तुम्ही दुरुस्ती उघडपणे केलीत, सही केलीत, त्याबद्दल माझा काही आक्षेप नाही. 'नोंदवा' असं मीच लिहिलं होतं आणि नीट समजावलं नाही. मला म्हणायचं होतं की कुणी काय सुचवलं ते लिहून ठेवा. तिच्या जागी तुम्ही लिहावं, असं नव्हतं म्हणायचं.

पण खरी काळजी वेगळीच आहे. तिने शेवटचं प्रकरण बदललं. आधी तिथं होतं, "आमच्या घरात विचारल्याशिवाय निघायची सवय नव्हती, म्हणून ही पुस्तिका." आता तिथं फक्त एवढं आहे: "उशीर माझ्यामुळे झाला." मी विचारलं, यातलं खरं कोणतं? तर म्हणते, "मॅम, अप्पांनी लिहिलंय ते खरं. त्यांना माहीत असणार." पुस्तिका तिने कपाटात ठेवून दिली आहे. मुरूमला मामाच्या गावात बायकांसमोर वाचायचं ठरलं होतं, ते रद्द केलं. जेवण निम्मं झालं आहे.

आमची मुदत १२ डिसेंबर. त्या तारखेला सह्या झाल्या नाहीत तर प्रकल्प जात नाही, आणि प्रकल्पाशिवाय तिला या अभ्यासक्रमाचं प्रमाणपत्र मिळत नाही. पान चारवर तुम्ही काय बदललंत आणि का, एवढंच मला लेखी हवं आहे.

राजेश्वरी देशमाने


धाराशिव,
२८ नोव्हेंबर २०२५

श्रीमती देशमाने यांस,

आपले पत्र मिळाले. एका शिक्षकाने दुसऱ्या शिक्षकास अशा स्वराचे पत्र लिहावे, याचे आश्चर्य वाटले.

मी केलेली दुरुस्ती वस्तुस्थितीस धरून आहे. मृत्यू आमच्या घरात झालेला आहे, आपल्या शाळेत नव्हे. जो अभ्यासक्रम सोळा वर्षांच्या मुलीस स्वतःच्या आईच्या मृत्यूवर निबंध लिहावयास लावतो आणि त्या निबंधास आठपैकी गुण देतो, त्याविषयी मी आजवर मौन बाळगले होते. उत्तरपत्रिकेत कच्चे काम शेवटच्या पानावर करावे व त्यावर आडवी रेघ मारावी, अशी आमच्याकडे रीत आहे. खोडलेले परीक्षक वाचत नाही. आपण मात्र खोडलेलेच आधी वाचता.

पुढील महिन्यात शिवांजलीचा शाळा सोडल्याचा दाखला तयार ठेवावा. ती येथे माझ्याजवळ राहून पुढील वर्षी सतरा नंबरचा अर्ज भरून बाहेरून दहावीस बसेल.

महांतेश कोराळे


मुरूम,
ता. २ डिसेंबर

दाजींना शरणप्पाचा शरणार्थ.

तुमी फोन उचलंनात म्हणून कागद धरलाय. माझ्या लिवण्यात चुका निघतील, हिरवी शाई काढून बसा.

शिवांजलीचा परवा फोन आला होता. आधी कन्नडमधी बोलली, आक्का बोलायची तसं. मग मराठीत म्हणली, "मामा, अव्वाला म्या मारलं का?" दाजी, दुकानात गिऱ्हाईक हुभं होतं, तागडी हातात होती. म्या गिऱ्हाईक माघारी धाडलं. पोरगी म्हणती, अप्पांना निरोपच पोचला नव्हता, मग म्या कुणाची वाट बघत बसले?

आता ऐका. मातीच्या दिवशी तुमाला आंघोळीला बसिवलं तवा तुमचा सदरा म्याच काढला होता. खिशात चिठ्ठी होती. पोरीनं सांगितल्याली, शिपायानं लिवल्याली. 'मुलगी विचारते, आईला दवाखान्यात नेऊ का.' त्याच्याखाली येळ बी घातली होती, १०.४५. चिठ्ठी चार घड्या घालून ठिवली होती. न वाचता कोण घड्या घालतंय?

म्या काय बोललो न्हाय. बोलून आक्का माघारी येत न्हाय. तुमच्या तोंडाकडं बघितलं आन् वाटलं, ह्यो माणूस आदीच मेलाय, ह्याला आजून काय मारायचं. आठ म्हैने गप बसलो. पण ते तुमचं-माझं होतं. आता तुमी पोरीच्या डोक्यावर ठिवलंय.

पोरीनं धाडल्याल्या पुस्तिकेतली तुमची ती वळ, 'कर्त्या माणसास कळवून', म्या घरात वाचून दाखिवली. आमची ही काय म्हणली म्हाईत हाय का? म्हणली, "कर्ता माणूस दुकानात तंबाखू मळत बसलाय, त्याला कळवून मरू का आमी?" लई बोलती. पण खोटं बोलत न्हाय.

पोरीला शाळंतनं काढाल तर म्या मुरमाला घिऊन येईन. आक्कानं घातलीय तिला तितं. तुमी सांगणार का म्या सांगू? शुक्रवारपतूर वाट बघतो.

शरणप्पा


धाराशिव,
४ डिसेंबर २०२५

चि. शिवांजलीस,

हे पत्र सावकाश वाच, आणि एकटी असताना वाच. याची एक प्रत मी तुझ्या बाईंना स्वतंत्र पाठवत आहे. दाखल्याची मागणीही मागे घेतली आहे.

२७ मार्च रोजी तुझा निरोप मला मिळाला होता. निरोप पोहोचू शकला नाही, हे तुझ्या अहवालातील वाक्य माझे आहे आणि ते असत्य आहे. घडले ते असे.

सकाळी दहा वाजता मी पंचवीस उत्तरपत्रिकांचा गठ्ठा उघडला. पावणेअकरा वाजता केंद्रावरील शिपाई रामकिसन याने चिठ्ठी आणून दिली. ती मी वाचली. त्याने विचारले, "सर, काय सांगू? फोन चालू ठिवलाय." मी म्हणालो, "सांगतो, थांब." तो दारात जाऊन फोनवर तुला 'दिली चिठ्ठी' म्हणाला आणि थांबला. काही वेळाने फोन तुटला असावा. तो निघून गेला. मी चिठ्ठीच्या घड्या घातल्या आणि पुढील उत्तरपत्रिका ओढली. उघडलेला गठ्ठा मिटल्याशिवाय उठावयाचे नाही, हा मी स्वतःस घालून घेतलेला नियम होता. केंद्राचा तसा नियम नव्हता. पावणेएक वाजता गठ्ठा मिटवून मी बाहेर आलो, मोबाइल घेतला, तर शिवगंगाबाईंचे सहा फोन येऊन गेले होते. मी पोहोचलो तेव्हा तीन वाजले होते. तुझी अव्वा दीड वाजता गेली होती.

'ने' एवढा एक शब्द मी रामकिसनला सांगितला असता, तर तुम्ही अकराच्या आत दवाखान्यात असता. डॉक्टरांनी मला नंतर सांगितले की, त्या वेळेचा उपयोग झाला असता. किती, ते त्यांनी सांगितले नाही आणि मी विचारले नाही.

तुझा मसुदा वाचताना मला दिसले की, तुझे प्रत्येक वाक्य बरोबर आहे. 'उत्तर आले नाही' हेही बरोबर. तू कोणावरही आरोप केला नव्हतास. तरीही ते वाक्य परक्या माणसांनी वाचावे हे मला सहन झाले नाही, म्हणून मी ते बदलले. बदलताना माझी अब्रू वाचते आहे एवढेच दिसले. त्याचा भार कोणावर पडेल, हे पाहिले नाही. तुझे ४ नोव्हेंबरचे पत्र आल्यावर ते दिसले. तरीही मी एक महिना गप्प राहिलो. हा दुसरा अपराध पहिल्याहून लहान नाही. शरणप्पाने पत्र लिहिले नसते तर मी अजून किती काळ गप्प राहिलो असतो, ते मला सांगता येत नाही.

तू वाट पाहिलीस, कारण या घरात माझ्या होकाराशिवाय काही होत नसे. ती सवय तुम्हा दोघींना मी लावली. उशीर तुझ्यामुळे झाला नाही.

पुस्तिकेच्या पहिल्या पानावर माझे शब्द असतील तर ते काढून टाक. चौथे पान जसे होते तसे कर.

अप्पा


पुणे,
९ डिसेंबर

अप्पा,

पत्र मिळालं. चार वेळा वाचलं. पहिल्यांदा बाथरूममध्ये.

मामाशी बोलले. मॅमशी पण बोलले. पान चार परत केलं आणि शेवटचं प्रकरणसुद्धा. आज दुपारी मॅमनी आणि मी सही केली. पुस्तिका २१ तारखेला, रविवारी मुरूमला वाचणार आहे. मामी म्हणाल्या, पन्नास बाया गोळा करते, चहा मामा करतील. मामांना चहा येतो का?

अव्वाला कळलं असतं तर ती म्हणाली असती, "जाऊ दे, कामात होते." मला ते म्हणता येत नाही. मी प्रयत्न केला.

तुम्ही वेळा सगळ्या लिहिल्यात. पावणेअकरा, पावणेएक, तीन. रामकिसन काय म्हणाला ते लिहिलंत. पण चिठ्ठी वाचल्यावर तुम्हाला काय वाटलं ते लिहिलं नाहीत. मी पूर्ण पत्र शोधलं. भीती वाटली का? मला ते हवंय. प्रकल्पासाठी नाही. प्रकल्प गेला. मला हवंय.

तोपर्यंत दर रविवारचा फोन मी करणार नाही.

शिवांजली


धाराशिव,
१५ डिसेंबर २०२५

चि. शिवांजलीस,

तुझ्या प्रश्नाचे उत्तर लिहावयास मला चार दिवस लागले. तीन कागद फाडले. त्या तिन्हींत 'भीती वाटली' असे लिहिले होते.

भीती वाटली नाही. आधी राग आला. दोघी घरात असून यांना एवढेही ठरवता येत नाही, असे वाटले. समोर गठ्ठा उघडा होता, शेजारी दोन परीक्षक बसले होते, आणि रामकिसन सर्वांदेखत विचारत होता, काय सांगू. मला ओशाळल्यासारखे झाले.

त्यानंतर जे वाटले ते आजवर मी स्वतःशीही उच्चारलेले नाही. क्षणभर मला बरे वाटले. माझ्यावाचून घरातले पान हलत नाही, हे त्या चिठ्ठीत लिहिलेले होते, आणि ते वाचून मी सुखावलो. त्या सुखातच मी तिच्या चार घड्या घातल्या. थोडी वाट पाहू दे, असे वाटले. हे शब्द त्या वेळी मनात जसेच्या तसे आले होते.

तिला काही होईल, असे माझ्या मनात आले नाही. ती आजारी पडल्याचे मी सतरा वर्षांत पाहिले नव्हते. ती मला सांगतच नसे, हे मला आता कळते.

तुला २१ तारखेस मुरूमला जावयाचे आहे. मी तेथे येणार नाही. तू बोलावलेस तर येईन, आणि मागे बसेन.

हे पत्र कोणास दाखवावयाचे, जपून ठेवावयाचे, की जाळून टाकावयाचे, ते मला विचारू नकोस.

अप्पा